नखभेदाचा इतिहास



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस किंचित् हंसूं आलें असेल. इतिहासावर बोलावयाचें म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांविषयीं बोलावयाचें, अशी आपली समजूत असते. आणि नख ही तर आपल्या भाषेंत अगदींच क्षुद्र वस्तु. अत्यल्प वस्तूला आपण 'नखभर' म्हणतों, आणि एखाद्याची योग्यता कमी लेखावयाची असली म्हणजे 'अमक्याच्या नखाची सर त्याला यावयाची नाहीं' असें म्हणून मोकळे होतों. परंतु संपूर्ण मनुष्य सांगण्याचा प्रसंग आला, म्हणजे हीच भाषा 'नखशिखांत' हा शब्द योजिते आणि मोजणीस नखापासूनच प्रारंभ करते. तेव्हां ज्या वस्तूपासून मनुष्याची मोजणी सुरू होते, तिला इतिहासांत पाऊण तास नाहीं तरी पाव तास द्यावयास हरकत नसावी.

मला सर्व नखांविषयीं बोलावयाचें नाहीं. फुटणाऱ्या, ठिसूळ नखांविषयीं बोलावयाचें आहे. ही तक्रार बहुतेक प्रत्येक घरीं आढळते. नख थोडें वाढलें कीं त्याच्या टोंकाशीं अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात, किंवा टोंकापासून मुळाकडे एक उभी चीर जाते. मग तें पदराच्या धाग्याला अडकतें, लोंकरींत गुंततें, आणि कधीं कधीं मांसापर्यंत चिरून जिव्हारीं लागतें. वैद्यकाच्या ग्रंथांत असा अंदाज दिलेला आढळतो कीं, शेंकडा सुमारें वीस माणसांना ही पीडा असते व पुरुषांपेक्षां स्त्रियांत ती अधिक असते. पीडा जुनी आहे, तसाच 'नख कां फुटतें?' हा प्रश्नहि जुना आहे. मौज अशी कीं, नखाचें फुटणें दोन हजार वर्षें तेंच राहिलें. परंतु त्याचें खापर ज्याच्या माथ्यावर फोडावयाचें तो आरोपी मात्र प्रत्येक काळानें निराळा धरून आणिला. त्या आरोपींची हकीकत हाच आजचा इतिहास.

पहिला आरोपी म्हणजे खुद्द रोगीच. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत, पूर्वीं केलेल्या पापांचीं चिन्हें मनुष्याच्या शरीरावर कशीं उमटतात, याची एक यादी आहे. तींत सोनें चोरणाऱ्याचीं नखें विद्रूप होतात असें सांगितलें आहे. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धाच्या पंक्तीस कोणास बसवूं नये हें सांगतांना 'कुनखी', म्हणजे वाईट नखांचा मनुष्य, हाहि वगळला आहे. या दोन गोष्टी एकत्र करून पाहा. एखाद्या गृहस्थाचीं नखें वेडींवांकडीं झालीं आहेत. तीं दुखतात, काम करूं देत नाहींत. त्यांतच लोक त्याच्या हाताकडे पाहून मनांत म्हणतात कीं, यानें कोणत्या तरी जन्मीं सोनें चोरलें असलें पाहिजे. आणि पंक्तींतून त्याला उठवितात. रोग एक आणि शिक्षा दोन, असा हा न्याय होता. मी हें जुन्या ग्रंथाची निंदा करण्यासाठीं सांगत नाहीं. रोग्यासच रोगाबद्दल जबाबदार धरण्याची जी ओढ मनुष्याच्या मनांत आहे, ती किती जुनी आहे आणि निराळ्या वेषांत अद्यापहि कशी वावरते, हें पुढें पाहावयाचें आहे म्हणून सांगतों.

कारण त्याच संस्कृत भाषेंत, त्याच विकाराकडे, अगदीं निराळ्या दृष्टीनें पाहणारे लोकहि होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांचें प्रकरण आहे. तेथें 'कुनख' हाच शब्द येतो. परंतु सुश्रुताच्या मतें नख रूक्ष, काळें व खरखरीत होण्याचें कारण अभिघात, म्हणजे मार लागणें, हें आहे. धर्मशास्त्रकार विचारतो, 'यानें काय चोरलें?' वैद्य विचारतो, 'याच्या बोटावर काय पडलें?' एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारीं ठेवून पाहिले, म्हणजे शास्त्रीय दृष्टि कशास म्हणतात हें विद्यार्थ्यास वेगळें शिकवावें लागत नाहीं.

ठिसूळ नखांना चरकसंहितेंत स्वतंत्र नांवच आहे. सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायांत वातापासून होणारे ऐंशी विकार मोजले आहेत. ही यादी पायांकडून डोक्याकडे चढत जाते, आणि तिच्यांतील अगदीं पहिला विकार म्हणजे 'नखभेद', नख फुटणें. नखशिखांत मोजावयाचें म्हणजे काय, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडावयाचें नाहीं. वाताचा पहिला गुण रूक्षता, आणि रूक्षतेवर उपाय स्नेह, म्हणजे तेलतूप, हा आयुर्वेदाचा सरळ हिशेब. दुसरीकडे सुश्रुत व वाग्भट हे नख आणि रोम यांना अस्थिधातूचे मल मानतात, आणि अस्थींचा क्षय झाला असतां केंस, नखें व दांत गळतात असें चरक सांगतो. तात्पर्य, नख हाडांशीं जोडलेलें आहे ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. या दोन मतांपैकीं एक काळाच्या कसोटीस बरेंचसें उतरलें आणि दुसरें उतरलें नाहीं. तो निकाल पुढें येईल.

या वैद्यांनीं नखांच्या स्वच्छतेचाहि विचार केला होता. पंधरवड्यांत तीन वेळां केंस, दाढीमिशा व नखें कापावींत असा चरकाचा नियम आहे, आणि रोग्याच्या घरीं जाणाऱ्या वैद्याचीं नखें बारीक कापलेलीं असावींत असें सुश्रुत सांगतो. घरोघरीं हें काम न्हावी आपल्या नराणीनें करी, व रात्रीं नखें काढूं नयेत असा घरांतील वडील माणसांचा दंडक असे. मिणमिणत्या दिव्याच्या उजेडांत धारेच्या हत्यारानें नखें काढणें किती जोखमीचें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या दंडकांत व्यवहारहि दिसूं लागतो.

नखांच्या सौंदर्याविषयीं लिहितांना वात्स्यायनानें कामसूत्रांत चांगल्या नखांचे गुण सांगितले आहेत. नख सारखें असावें, उजळ असावें, मळकट नसावें, आणि तें फाटलेलें नसावें. त्यापुढेंच तो प्रांताप्रांतांचीं नखें वर्णितो. गौड देशांतील लोकांचीं नखें लांब व हाताला शोभा देणारीं. दाक्षिणात्यांचीं आंखूड पण काम सोसणारीं. आणि महाराष्ट्रीयांचीं मध्यम, दोहोंचे गुण घेणारीं. आपल्या प्रांताविषयीं इतका जुना आणि इतका माफक अभिप्राय ऐकून आपण रुसावयाचें कारण नाहीं. यांतील एक गोष्ट मात्र मननीय आहे: आंखूड नख काम सोसतें आणि लांब नख शोभतें, हा भेद तेव्हांच लोकांच्या ध्यानांत आला होता. पुढें चीनमध्यें हा भेद पराकोटीस पोंचला. मांचू राजवटींतील बड्या घरच्या स्त्रिया बोटाहूनहि लांब नखें राखीत व तीं मोडूं नयेत म्हणून त्यांवर सोन्यारुप्याचीं, मिन्याचें काम केलेलीं म्यानें घालीत. राजमाता त्सु-शी हिच्या छायाचित्रांत तीं स्पष्ट दिसतात. न मोडलेलें नख म्हणजे न राबलेला हात, असा त्याचा अर्थ होता. आणि म्हणून राबणाऱ्या बाईच्या फुटक्या नखाकडे पाहण्याची जगाची दृष्टि कशी झाली असेल, हें सांगावयास नको.

आतां पश्चिमेकडे वळूं. नखांवरून शरीरांतील रोग ओळखण्याची परंपरा ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्यापर्यंत जाते. छातींत पू झालेल्या रोग्यांचीं नखें वाटोळीं वांकतात, हें त्याच्या परंपरेंतील ग्रंथांत नोंदलेलें आहे. पुढें १८४६ सालीं ओनोरे बो या फ्रेंच वैद्यानें नखांवरील आडव्या खांचांचा अर्थ लाविला. मनुष्यास कडक ताप किंवा भारी दुखणें आलें, म्हणजे कांहीं काळ नखाची वाढ अडते. दुखणें गेल्यावर ती पुन्हां सुरू होते, आणि मधल्या अडीअडचणीची खूण म्हणून नखावर एक खांच राहते. ती खांच नखाबरोबर हळूहळू पुढें सरकते. हाताचें नख महिन्यास सुमारें तीन मिलिमीटर वाढतें. तेव्हां खांच मुळापासून सहा मिलिमीटर पुढें आली असेल, तर दुखणें सुमारें दोन महिन्यांपूर्वींचें, असें त्रैराशिक मांडतां येतें. तवारीख लिहिणारा कारकून जसा मागची हकीकत टिपून ठेवतो, तसें नख मागच्या पांचसहा महिन्यांची हकीकत आपल्या अंगावर टिपून ठेवतें.

या वाढीचा सर्वांत चिकाटीचा अभ्यास विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरानें केला. १९४१ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यानें दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आपल्या आंगठ्याच्या नखाच्या मुळाशीं कानशीनें एक खूण करण्यास आरंभ केला आणि ती टोंकापर्यंत पोंचण्यास किती दिवस लागतात हें मोजीत गेला. ही मोजणी त्यानें एक दोन नव्हे, पस्तीस वर्षें चालविली व १९८० सालीं तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. बत्तिसाव्या वर्षीं त्याचें नख दिवसास ०·१२३ मिलिमीटर वाढत होतें. सदुसष्टाव्या वर्षीं तें ०·०९५ वर आलें. माझ्या वयाच्या श्रोत्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. वय वाढतें तशी नखाची वाढ मंदावते, त्यावर उभ्या रेघा उमटतात व तें अधिक ठिसूळ होतें. त्यांत रोग नाहीं. केंस पिकण्याच्याच पंक्तींतली ती गोष्ट आहे.

येथें नख ही वस्तु काय आहे, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. नखाचा दिसणारा भाग निर्जीव असतो. त्याचा जिवंत कारखाना मुळाशीं, कातडीच्या घडीखालीं असतो. आंगठ्याच्या नखाच्या तळाशीं जो फिकट अर्धचंद्र दिसतो, तो त्या कारखान्याचा बाहेर डोकावणारा कांठ होय. तेथें नव्या पेशी तयार होतात, चपट्या होतात, मरतात व एकावर एक घट्ट बसून पुढें ढकलल्या जातात. त्यांचा मुख्य घटक केराटिन नांवाचें प्रथिन. केंस, शिंगें व खूर हींहि त्याचींच बनतात. या प्रथिनाच्या तंतूंना एकमेकांशीं जखडून ठेवणारे दुवे गंधकाचे असतात, आणि नखाचा टणकपणा मुख्यत्वें या दुव्यांमुळें येतो. नख किंवा केंस जळला असतां जो उग्र वास येतो, तो या गंधकाची साक्ष देतो.

आणि कॅल्शियम? नख कठीण आहे, हाड कठीण आहे, हाडांत कॅल्शियम असतें. म्हणून नखांतहि तें असावें व नख फुटलें कीं कॅल्शियम कमी पडलें असावें, हा तर्क आपल्या घरोघरीं चालतो. नख म्हणजे हाडाचा मल, ही जुनी कल्पनाच येथें नव्या पोषाखांत आली आहे. वस्तुतः नखाच्या वजनांत कॅल्शियम एक टक्क्याच्या पंचमांशाच्या आसपासच असतें, आणि त्याच्या टणकपणाशीं त्याचा फारसा संबंध नाहीं. न्यूझीलंडमध्यें आयन रीड या वैद्यानें ऋतु गेलेल्या स्त्रियांपैकीं कांहींना कॅल्शियम व कांहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या वर्षभर देऊन पाहिल्या. २००० सालीं त्यानें निकाल प्रसिद्ध केला, तो असा कीं, नखांच्या स्थितींत दोन्ही गटांत फरक पडला नाहीं. नखांवर जे पांढरे ठिपके दिसतात, तेहि बहुधा कॅल्शियमच्या उणिवेचे नसून मुळाशीं बसलेल्या लहानसहान ठोकरांचे असतात. मीं जन्मभर शाळेंत खडू हातांत धरला, आणि खडू म्हणजे कॅल्शियमचाच क्षार. त्यानें नखें बळकट होत असतीं तर आम्हां सर्व मास्तरांचीं नखें पोलादाचीं व्हावयास हवीं होतीं. प्रत्यक्षांत कोरडी भुकटी हाताचा ओलावा शोषून घेते, एवढेंच काय तें घडतें.

विसाव्या शतकांत नख हा बाजाराचा विषय झाला. १९१७ सालच्या सुमारास अमेरिकेंत क्यूटेक्स या नांवानें नखांचें पातळ रोगण विक्रीस आलें; १९३२ सालीं रेव्हलॉन कंपनी निघाली. मोटारींच्या रंगासाठीं जें नायट्रोसेल्युलोज वापरलें जाई, तेंच या रोगणाच्या मुळाशीं आहे. आपल्याकडे मेंदी आणि अळता यांनीं हातपाय रंगविण्याची चाल होतीच. १९५२ सालीं मुंबईंत टाटांनीं लॅक्मे ही संस्था काढल्यावर देशी प्रसाधनांचा जमाना सुरू झाला. रोगण स्वतः फारसें घातक नाहीं. एक प्रकारें तें नखाला पाण्यापासून आडोसाच देतें. नुकसान होतें तें तें वरचेवर पुसून काढण्यानें, कारण पुसण्याचें द्रव्य नखांतील स्नेह व ओलावा दोन्ही ओढून घेतें. नखें कठीण करण्यासाठीं फॉर्मल्डिहाइड घातलेलीं द्रव्यें निघालीं, त्यांचा परिणामहि असाच झाला. प्रथम नख टणक झालें, आणि मग इतकें ताठर झालें कीं लवण्याऐवजीं मोडूं लागलें. बळकटपणा आणि कठीणपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेताची छडी लवते म्हणून टिकते. कांचेची कांडी कठीण असूनहि फुटते.

मग पोटांत घ्यावयाचीं औषधें आलीं. १९५० सालीं जिलेटिन खाल्ल्यानें ठिसूळ नखें सुधारतात असा एक लेख अमेरिकन वैद्यकीय पत्रांत आला, आणि कित्येक वर्षें जिलेटिनचा बोलबाला झाला. पुढें त्यावरचा विश्वास उडाला. इतर प्रथिनांहून त्यांत नखांना विशेष उपकारक असें कांहीं नव्हतें. त्यानंतरचा मान बायोटिनला मिळाला. हें जीवनसत्त्व १९३६ सालीं अंड्यांच्या बलकांतून शुद्ध स्वरूपांत काढण्यांत आलें. डुकरांचे व घोड्यांचे खूर त्यानें सुधारतात असें पशुवैद्यांना आढळलें, आणि खुरांना जें मानवतें तें नखांनाहि मानवेल या तर्कानें युरोपांत माणसांवर प्रयोग झाले. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत नखाची जाडी पंचवीस टक्के वाढल्याचें आढळलें. पण हे प्रयोग लहान होते, आणि औषध न दिलेल्या तुल्य रोग्यांशीं ताडून पाहण्याची खबरदारी त्यांत पुरेशी नव्हती. शिवाय २०१७ सालीं अमेरिकेच्या औषधनियामक खात्यानें इशारा दिला कीं, मोठ्या मात्रेनें बायोटिन घेतलें असतां रक्ताच्या कांहीं तपासण्यांचे निकाल चुकतात. त्यांत हृदयविकाराच्या झटक्याची तपासणीहि आली. नखासाठीं घेतलेल्या गोळीनें हृदयाचें निदान चुकावें, हा सौदा महाग खरा. ज्यांना डॉक्टरांनीं ती दिली असेल त्यांनीं घ्यावी. पण रक्त तपासावयास देतांना तसें आवर्जून सांगावें.

आतां खऱ्या आरोपीकडे येऊं. तो आपल्या घरांतच, मोरीवर व सांडपाण्याच्या नळाखालीं बसलेला आहे. नख पाणी शोषून घेतें व फुगतें, वाळतांना आकसतें. दिवसांतून पंचवीस वेळां असें फुगणें व आकसणें झालें, म्हणजे थरांना थर चिकटलेले ते सुटूं लागतात. ओल्यावाळ्यानें लांकडी दार जसें उकलतें तशांतलाच हा प्रकार. १९९१ सालीं अमेरिकन संशोधकांनीं निरोगी माणसांच्या नखांचे तुकडे तीन आठवडे वारंवार भिजविले व वाळविले, तेव्हां त्यांचे पापुद्रे तसेच सुटले. ठिसूळ नखांत पाणी कमी असतें अशी पूर्वीं समजूत होती. २००७ सालीं प्रत्यक्ष मोजणी केली असतां ठिसूळ व चांगल्या नखांतील पाण्याच्या प्रमाणांत लक्षणीय भेद आढळला नाहीं. म्हणजे पाण्याच्या प्रमाणापेक्षां पाण्याची वरचेवर ये-जा हीच अधिक बाधक दिसते.

साबण व भांड्यांच्या पावडरी यांनीं त्यांत भर घातली. आपल्याकडे १९५९ सालीं सर्फ आलें, १९६९ सालीं अहमदाबादेस कर्सनभाई पटेल यांनीं निरमा काढला, आणि धुण्याची भुकटी घरोघरीं गेली. तथापि पूर्वींचा काळ म्हणजे नखांचा सुवर्णकाळ होता असें समजूं नये. चुलींतील राख व काथ्या यांनीं भांडीं घासणाऱ्या आपल्या आज्यांचे हात आठवून पाहा, राखहि क्षारच. स्त्रियांत ही पीडा अधिक कां, याचें एक मोठें उत्तर येथें मिळतें. धुणें, भांडीं, फरशी, भाजी, तान्ह्याचे कपडे, हें सारें पाण्यांतलें काम आपण पिढ्यान् पिढ्या स्त्रियांच्या हातीं दिलें. आणि जी बाई चार घरचीं भांडीं घासते, तिचे हात तर सकाळपासून वाळतच नाहींत. तिचीं नखें फुटलीं, तर आपण म्हणतों, 'नीट खात नसेल'; घरची सून तक्रार करूं लागली, तर म्हणतों, 'नखरे आहेत.' सोन्याच्या चोरीचा आरोप गेला. परंतु दोष रोग्याकडे लोटण्याची संवय गेली नाहीं. तिला गोळ्यांची बाटली आणून देण्यापेक्षां रबरी हातमोज्यांची एक जोडी आणून देणें, आणि त्याहून चांगलें म्हणजे अर्धीं भांडीं आपण घासणें, हा अधिक शास्त्रीय उपचार आहे.

यावरून खाण्याचा संबंध मुळींच नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. नख पातळ होऊन मध्यें खोलगट, चमच्यासारखें झालें, तर तें बहुधा लोहाच्या उणिवेचें चिन्ह असतें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळांत झाली. तींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या बाबतींत खरा आहे असा हा प्रश्न आहे, आणि त्याचा पुरावा कधीं कधीं बोटाच्या टोंकावर असतो. शाळांतून सोमवारीं मुलांचीं नखें पाहण्याची चाल आहे. त्या तपासणींत मळ तेवढा पाहिला जातो. मुलीचें नख फिकट किंवा खोलगट आहे काय, हेंहि शिक्षकांनीं पाहिलें व शंका आल्यास पालकांस रक्त तपासून घेण्यास सांगितलें, तर दोन मिनिटांच्या त्या तपासणीचें चीज होईल. त्याचप्रमाणें कंठग्रंथीचे विकार, सोरायसिस, आणि बुरशी यांनींहि नखें बिघडतात. दहाहि नखें सारखीं ठिसूळ असलीं तर कारण बहुधा पाणी, वय किंवा प्रकृति. एकच नख जाड, पिवळें, मुळापासून सुटलेलें किंवा काळी उभी रेघ उमटलेलें असेल, तर घरगुती उपाय न करितां डॉक्टर गांठावा.

पुण्याचे श्रीधर चिल्लाळ यांचें नांव आपण ऐकलें असेल. शाळेंत असतां एका शिक्षकाचें लांब नख त्यांच्या हातून मोडलें, आणि लांब नख जपणें काय असतें हें तुला कळावयाचें नाहीं, असें त्यांना ऐकावें लागलें. त्यांनीं १९५२ पासून डाव्या हाताचीं नखें कापलीं नाहींत. २०१८ सालीं न्यूयॉर्क येथें तीं कापलीं, तेव्हां पांचांची मिळून लांबी नऊ मीटरांहून अधिक भरली. तीं टिकविण्यासाठीं त्यांना झोपेंतहि सावध राहावें लागे, आणि तो हात कामाला कायमचा निरुपयोगी झाला. जिद्द अलौकिक खरी. पण जपणुकीपायीं हातच गमवावा लागला, हेंहि त्यांत आलें.

साध्या गृहस्थाला इतकें कांहीं करावयास नको. नखें आंखूड ठेवावींत. वात्स्यायनानें दाक्षिणात्यांच्या नखांविषयीं जें म्हटलें, तें ध्यानांत असावें. कापण्यापूर्वीं तीं थोडीं भिजूं द्यावींत, म्हणजे तडकत नाहींत. कापल्यावर कानशीनें एकाच दिशेनें घासून टोंक वाटोळें करावें. पाण्याच्या कामास रबरी हातमोजे, आणि त्यांत घाम धरूं नये म्हणून आंत सुती मोजे वापरावेत. काम आटोपल्यावर हात टिपून, ओलावा असतांनाच नखांना व त्यांच्या मुळाशीं खोबरेल, तिळाचें तेल किंवा व्हॅसलीन चोळावें. रात्रीं निजतांना पुन्हां एकदां. नखांनीं डबे उघडूं नयेत, गांठी सोडवूं नयेत, दांतांनीं तीं कुरतडूं नयेत. जेवणांत डाळी, उसळी, दूध व पालेभाज्या असाव्यात. आणि धीर धरावा; तेल आज लाविलें तरी नवें नख मुळापासून टोंकापर्यंत यावयास सहा महिने लागतात. पहिल्या महिन्यांतच गुण दाखविण्याची हमी देणाऱ्या बाटलीपासून म्हणूनच दूर राहावें.

चरकाच्या दोन मतांचा निकाल मीं राखून ठेविला होता. नख हें हाडाशीं जोडलेलें नाहीं, हें ठरलें. परंतु नखभेद हा रूक्षतेचा विकार असून त्यावर स्नेह हा उपाय आहे, हें त्याच्या परंपरेचें मत मात्र आजचा त्वचारोगवैद्यहि निराळ्या कारणानें मान्य करतो. दोन हजार वर्षांच्या या प्रवासांत पापापासून गोळीपर्यंत पुष्कळ फिरून आपण पुन्हां तेलाच्या वाटीपाशीं आलों आहोंत. ती वाटी आज रात्रीं, भांडीं घासून झाल्यावर, ज्या हातांना तिची गरज आहे त्यांच्यापुढें घरांतील कोणीं तरी आपण होऊन ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.